जेसन, यामल, सीएसव्ही फाइलींची तुलना आणि मर्ज : नव्याने रुजू झालेल्यांसाठी पायऱ्या

जेसन, यामल आणि सीएसव्ही हे डेटा साध्या मजकुरात लिहिण्याचे प्रकार आहेत. दोन जणांनी एकाच जेसन फाइलमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी बदल केले, गिटने (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) एकही कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) न दाखवता ते एकत्र केले, म्हणजे मर्ज केले, टेस्ट पास झाल्या आणि तरीही तयार झालेली फाइल चुकीची होती, असे होऊ शकते. कॉन्फ्लिक्ट आला की माणूस सावध होतो, शेजारच्याला विचारतो. कॉन्फ्लिक्ट न येता बिघडलेला डेटा मात्र थेट ग्राहकापर्यंत पोहोचतो. मी हिंजवडीत पहिल्यांदा रुजू झालो तेव्हा ब्रँच (कामाची स्वतंत्र वाट) कशी काढायची, पुल रिक्वेस्ट (आपले बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) कशी पाठवायची हे मला नीट शिकवले गेले, परंतु कोडची फाइल आणि डेटाची फाइल यांना एकाच पद्धतीने मर्ज करू नये हे कोणी सांगितले नाही. ते मला ज्या प्रसंगातून कळले तो आधी सांगतो, कारण पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

आमचे ॲप पुण्यात भाजीपाला घरपोच देत असे. कोणत्या भागात किती वितरण शुल्क घ्यायचे, हे सुमारे चारशे ओळींच्या एका जेसन फाइलमध्ये लिहिलेले होते. हडपसर हा भाग नव्याने सुरू होणार होता. माझ्या सहकाऱ्याने 'हडपसर' ही की (जिच्यापुढे व्हॅल्यू लिहितात ते नाव) अकारविल्हे तिच्या जागी घातली आणि शुल्क ४० रुपये लिहिले. मी त्याच दिवशी दुसऱ्या ब्रँचवर तीच की फाइलच्या शेवटी घातली, जुन्या निरोपाप्रमाणे २५ रुपये लिहून. दोन्ही बदल एकमेकांपासून दूर असल्यामुळे गिटला त्यात काहीच वावगे दिसले नाही. फाइल वाचणाऱ्या लायब्ररीने दोन सारख्या कींपैकी शेवटची घेतली, आणि चार दिवस हडपसरच्या प्रत्येक ऑर्डरवर १५ रुपये कमी आकारले गेले. चूक शोधायलाही अर्धा दिवस गेला, कारण मी एडिटरमध्ये 'हडपसर' शोधत होतो, पहिल्याच ठिकाणी ४० हा बरोबर आकडा दिसत होता आणि मी तिथेच थांबत होतो.

जेसनचे सध्याचे मानक, म्हणजे डिसेंबर २०१७ मधील आरएफसी ८२५९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित कागदपत्रे), एका ऑब्जेक्टमधील, म्हणजे की-व्हॅल्यूंच्या एका गटातील, कींची नावे वेगवेगळी असावीत असे सुचवते, पण तशी सक्ती करत नाही. म्हणून काही लायब्ररी त्रुटी दाखवतात आणि बऱ्याचशा मुकाट्याने शेवटची व्हॅल्यू घेतात. गिटला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यासाठी तुमची फाइल म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या ओळी असतात. ओळींची तुलना करणारी डिफ ही कमांड १९७४ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी लिहिली गेली; गिट आजही मुळात तेच काम करते, फक्त १९८६ मधील मायर्स यांच्या अधिक वेगवान पद्धतीने. कोडसाठी ही पद्धत बहुतेक वेळा पुरते. डेटासाठी अर्थाची तुलना आपल्याला स्वतः करावी लागते.

पुढील सर्व कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- फाइलच्या तीन प्रती : तुमची, सहकाऱ्याची आणि दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ प्रत.
- फाइलचा स्कीमा, म्हणजे तिच्यात काय आणि कोणत्या प्रकारचे असावे याचे लिखित नियम. जेसनसाठी जेसन स्कीमा, एक्सएमएलसाठी (टॅग वापरून डेटा लिहिण्याचा प्रकार) एक्सएसडी. स्कीमा लिहिलेला नसेल तर फाइल वाचणारा कोड उघडून ठेवा, कारण खरे नियम मग तिथेच असतात.
- फाइलमधील प्रत्येक यादीत नोंदीची ओळख कोणत्या फील्डवरून पटते, याचे टिपण.
- साधने : गिट, जेसनसाठी जेक्यू, यामलसाठी वायक्यू, एक्सएमएलसाठी एक्सएमएललिंट, आणि तीन प्रती शेजारी शेजारी दाखवणारे मेल्ड किंवा केडिफ३ यांसारखे साधन. विंडोजवर विनमर्जही चालेल. ही सर्व मोफत आहेत. बियॉन्ड कम्पेअर कंपनीने घेतलेले असेल तर त्याची प्रो आवृत्ती आहे का ते पाहून घ्या, कारण तीन प्रतींचे मर्ज त्याच आवृत्तीत आहे.
- त्या डेटाचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे अशा व्यक्तीचा फोन नंबर. आमच्याकडे अशी व्यक्ती म्हणजे मार्केट यार्डातल्या गोदामाच्या व्यवस्थापक बाई होत्या. हडपसरचे शुल्क किती, हा प्रश्न कोणत्याही साधनाने सुटणार नव्हता; त्यांना एक फोन केला असता तर सुटला असता.

१. तिन्ही प्रती वेगळ्या काढा

नवीन माणूस बहुधा दोनच प्रती शेजारी ठेवतो आणि फरक पाहू लागतो. समजा तुमच्या प्रतीत किमान ऑर्डर १०० रुपये आहे आणि सहकाऱ्याच्या प्रतीत १५० रुपये. यातला बदल कोणी केला? दोनच प्रतींवरून ते सांगता येत नाही. मूळ प्रतीत १०० असेल तर बदल सहकाऱ्याने केला आहे आणि १५० घ्यायचे. मूळ प्रतीत १५० असेल तर बदल तुमचा आहे आणि १०० घ्यायचे. मूळ प्रतीत १२० असेल तर दोघांनीही बदल केला आहे आणि हा खरा कॉन्फ्लिक्ट आहे. एखादी की एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही, तेव्हाही तीच गोष्ट : ती एकाने नव्याने घातली की दुसऱ्याने काढून टाकली, हे मूळ प्रतीशिवाय कळत नाही.

मूळ प्रत कोणत्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांच्या टप्प्यात) आहे ते 'गिट मर्ज-बेस' या कमांडला दोन्ही ब्रँचची नावे दिली की कळते. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आलाच असेल तर काम आणखी सोपे आहे, कारण अशा वेळी गिट तिन्ही प्रती क्रमांक देऊन सांभाळून ठेवते. 'गिट शो' पुढे अपूर्णविराम, क्रमांक, पुन्हा अपूर्णविराम आणि फाइलचे नाव लिहिले की ती प्रत मिळते : १ म्हणजे मूळ, २ म्हणजे आपली, ३ म्हणजे समोरची. तिन्ही प्रती प्रोजेक्टच्या बाहेर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये वेगळ्या नावांनी साठवा.

गिटच्या सेटिंगमध्ये 'मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल' या जागी 'झेडडिफ३' लिहून टाका. गिटच्या २.३५ आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, ही सोय आहे. त्याहून जुने गिट असेल तर 'डिफ३' लिहा. मग कॉन्फ्लिक्टच्या खुणांमध्ये दोन्ही बाजूंबरोबर मूळ मजकूरही दिसू लागतो. माझ्या मते नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी करण्यासारखे हे काम आहे.

येथे एक सापळा आहे. मर्ज करताना 'आवर्स' म्हणजे तुम्ही ज्या ब्रँचवर उभे आहात ती बाजू. रीबेस करताना, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर पुन्हा रचताना, मात्र हेच उलटे होते : 'आवर्स' म्हणजे ज्या ब्रँचवर तुम्ही आपले कमिट नेऊन ठेवत आहात ती, आणि तुमचे स्वतःचे बदल 'देअर्स' या नावाखाली येतात. रीबेसच्या वेळी घाईघाईने 'आवर्स' निवडून स्वतःचेच काम पुसून टाकलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

२. कच्च्या फाइलमध्ये दुहेरी की आहेत का ते आधीच पाहा

ही पायरी पुढच्या पायरीच्या आधीच करायला हवी, आणि त्याचे कारण आहे. जेक्यूने फाइल वाचली की दुहेरी कींपैकी शेवटची तेवढी उरते, बाकीच्या कोणतीही सूचना न देता नाहीशा होतात. हडपसरच्या वेळी मी फाइल जेक्यूमधून काढून मगच तपासली होती, आणि त्या साफ केलेल्या प्रतीत दुहेरी की दिसणे शक्यच नव्हते. जेसन स्कीमाचा तपासही बहुतेक वेळा फाइल वाचून झाल्यावर होतो, म्हणून तोही ही चूक पकडत नाही.

पायथनच्या जेसन मॉड्यूलमध्ये फाइल वाचताना 'ऑब्जेक्ट पेअर्स हुक' नावाचे पॅरामीटर देता येते. त्यात दिलेल्या फंक्शनला प्रत्येक ऑब्जेक्टमधील की आणि व्हॅल्यूंच्या जोड्या जशाच्या तशा, दुहेरींसकट मिळतात. कींची संख्या आणि वेगवेगळ्या कींची संख्या सारखी नसेल तर त्रुटी दाखवायची. आठ-दहा ओळींत हे काम होते. अशी छोटी स्क्रिप्ट एकदा लिहून टीमच्या रिपॉझिटरीत (गिटमधल्या सामायिक कोडसाठ्यात) ठेवा.

३. तिन्ही प्रती एकाच साच्यात आणा

ऑब्जेक्टमधील कींच्या क्रमाला जेसनमध्ये अर्थ नसतो. ॲरेमधील, म्हणजे यादीतील, क्रमाला असतो. स्पेस, इंडेंट आणि ओळ कुठे मोडली यांनाही अर्थ नसतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी तिन्ही प्रतींवर जेक्यू ही कमांड 'सॉर्ट-कीज' या पर्यायासह चालवा. कींचा क्रम आणि इंडेंट तिन्ही ठिकाणी सारखे होतात, आणि तीनशे ओळींचा भासणारा फरक अनेकदा चार ओळींवर येतो. ॲरेचा क्रम या पर्यायाने बदलत नाही, आणि तो आपोआप बदलूही नये.

एक्सएमएलमध्ये ॲट्रिब्यूटच्या क्रमाला अर्थ नसतो, एलिमेंटच्या क्रमाला असू शकतो. एक्सएमएललिंटला 'सी१४एन' हा पर्याय दिला की ॲट्रिब्यूट ठरलेल्या क्रमाने येतात, अवतरणचिन्हे एकसारखी होतात आणि रिकामे एलिमेंट एकाच पद्धतीने लिहिले जातात. एक्सएमएलबद्दल नवशिक्याला एवढे पुरे आहे.

साच्यात आणलेल्या या प्रती तुलनेसाठी आहेत, त्या कमिट करू नका. संपूर्ण फाइलचा साचा बदलायचाच असेल तर तो स्वतंत्र कमिटमध्ये, कोणाचीही ब्रँच अर्धवट नसताना, सर्वांना आधी सांगून बदला. साचा आणि डेटा एकाच कमिटमध्ये बदलले तर रिव्ह्यू करणाऱ्याला डेटातला बदल दिसत नाही.

या पायरीवर तीन गोष्टी जपाव्यात.

मोठ्या संख्या. अनेक साधने संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात (अपूर्णांकही साठवणारा प्रकार) साठवतात, आणि त्या प्रकारात ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढचे सगळेच पूर्णांक नेमके मावत नाहीत. शेवटी ९९३ असलेला ऑर्डर क्रमांक जेक्यूच्या १.६ आवृत्तीतून बाहेर पडला की शेवटी ९९२ होतो. १.७ आवृत्तीपासून न बदललेल्या संख्येचे मूळ अंक जपले जातात, परंतु पुढची साधने तसे करतीलच असे नाही. क्रमांक म्हणून वापरलेली संख्या स्ट्रिंग म्हणूनच साठवावी, असे माझे ठाम मत आहे.

ओळीचा शेवट. विंडोज आणि लिनक्स यांच्यात ओळ संपवण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे एकही अक्षर न बदलता सगळी फाइल बदललेली दिसू शकते. काही एडिटर यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाची न दिसणारी खूणही घालतात, आणि काही जेसन लायब्ररी तिथेच अडतात.

देवनागरी मजकूर. पायथनच्या जेसन मॉड्यूलने फाइल पुन्हा लिहिली की काहीही न सांगता प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी उलटी तिरपी रेघ, 'यू' आणि चार अंकांचा संकेत येतो. डेटा तोच राहतो, पण मराठी भाषांतराच्या फाइलमधली प्रत्येक ओळ बदललेली दिसते आणि माणसाला ती वाचता येत नाही. 'एन्शुअर ॲस्की' हे पॅरामीटर 'फॉल्स' करून ठेवले की अक्षरे अक्षरेच राहतात.

४. अर्थाने तुलना करा

आता खरी तुलना. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यावा.

याद्यांपासून सुरुवात करा. आमच्या वितरण केंद्रांच्या फाइलमध्ये एक ॲरे होता : पहिले कोथरूड, पिन ४११०३८, दुसरे औंध, पिन ४११००७, तिसरे हडपसर, पिन ४११०२८. सहकाऱ्याने सुरुवातीलाच कात्रज हे केंद्र घातले. स्थानानुसार तुलना करणारे साधन सांगते की पहिल्या केंद्राचे नाव कोथरूडचे कात्रज झाले, दुसऱ्याचे औंधचे कोथरूड झाले, तिसऱ्याचे हडपसरचे औंध झाले आणि शेवटी हडपसर नव्याने आले. प्रत्यक्षात एकच नोंद वाढली आहे. म्हणून नोंदींची जुळणी स्थानावरून न करता ओळखीच्या फील्डवरून करावी; आमच्याकडे ते केंद्र क्रमांक हे फील्ड होते. जेक्यूमध्ये 'सॉर्ट बाय' वापरून तिन्ही प्रती केंद्र क्रमांकाने लावल्या की तुलना स्वच्छ होते.

मात्र त्याआधी एक प्रश्न विचारा : या यादीच्या क्रमाला अर्थ आहे का? आमच्या ॲपमध्ये केंद्रे फाइलमधल्या क्रमानेच ग्राहकाला दिसत, म्हणजे क्रम हाही डेटाच होता. अशा वेळी क्रम लावून केलेली तुलना मजकुरासाठी वापरावी आणि क्रमातला बदल वेगळा पाहावा.

त्यानंतर व्हॅल्यूंचे प्रकार पाहा. अवतरणचिन्हांतला १ आणि नुसता १ वेगळे आहेत. की नसणे आणि कीची व्हॅल्यू 'नल' असणे हेही वेगळे आहे. पहिल्याचा अर्थ 'ठरलेली सेटिंग वापरा' असू शकतो आणि दुसऱ्याचा 'ही सोय बंद ठेवा'. नेमका अर्थ फाइल वाचणाऱ्या कोडमध्येच पाहावा लागतो.

मराठी डेटावर काम करणाऱ्यांनी पुढची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पुरवठादारांच्या यादीत आमच्याकडे 'कऱ्हाड' हे गाव दोनदा येत होते आणि पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत होती. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोडमध्ये यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, म्हणजे यू+०९३०, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, यू+२००डी असतो. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केले त्यावर ते ठरते. साधा र आणि खाली नुक्ता असा तिसराही प्रकार क्वचित सापडतो. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (अक्षराचे समतुल्य प्रकार एकाच रूपात आणणे) केले की तिसरा प्रकार पहिल्यात बदलतो, पण दुसरा तसाच राहतो, कारण युनिकोडच्या नियमांनुसार ते दोन समतुल्य धरलेले नाहीत. म्हणून एनएफसी तर कराच, शिवाय र, हलन्त आणि जोडक हा क्रम शोधून ऱ आणि हलन्त असा बदलण्याची स्वतंत्र पायरी ठेवा. गावांची, माणसांची आणि रस्त्यांची नावे ज्या फाइलमध्ये आहेत तिथे ही पायरी वगळू नका.

५. यामल आणि सीएसव्ही यांच्या खोडी ओळखून ठेवा

यामलच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले यस, नो, ऑन, ऑफ हे शब्द खरे-खोटे या प्रकारात मोडतात. २००९ मधील १.२ आवृत्तीने हे बदलले, परंतु पायथनमधील पायवायएएमएलसारखी बरीच वापरातली लायब्ररी अजून १.१ चेच नियम पाळते. त्याच नियमांत अपूर्णविरामाने जोडलेले आकडे साठच्या पटीत मोजले जातात. आमच्या फाइलमध्ये केंद्राची बंद होण्याची वेळ २१:३० अशी लिहिलेली होती. ती १२९० ही संख्या म्हणून वाचली गेली. उघडण्याची वेळ ०८:३० होती, तिच्या सुरुवातीला शून्य असल्यामुळे ती स्ट्रिंगच राहिली. एकाच नोंदीत एक वेळ स्ट्रिंग आणि दुसरी संख्या, हे पाहून मी बराच वेळ स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. वेळा, आवृत्ती क्रमांक आणि हो-नाही असे शब्द यामलमध्ये नेहमी अवतरणचिन्हांत लिहा.

यामल फाइल साधनाने वाचून पुन्हा लिहिली की त्यातल्या टिप्पण्या बऱ्याचदा गळून पडतात. 'हे शुल्क बदलण्यापूर्वी गोदामात विचारावे' यासारखी टिप्पणी गेली तर डेटा बिघडत नाही, पण पुढच्या माणसाचा आधार जातो. पायथनमधील रुआमेल यामल ही लायब्ररी टिप्पण्या जपते.

सीएसव्हीमध्ये एक ओळ म्हणजे एक नोंद असे समजू नका. ऑक्टोबर २००५ मधील आरएफसी ४१८० नुसार अवतरणचिन्हांतल्या मजकुरात स्वल्पविरामही येऊ शकतो आणि नवी ओळही. पुण्यातले पत्ते या दोन्ही गोष्टींनी भरलेले असतात : सोसायटीचे नाव, अमुक हॉलसमोर, तमुक मंदिरामागे, सदाशिव पेठ. म्हणून सीएसव्हीची तुलना ओळींवर न करता डॅफसारख्या, रकाने आणि नोंदी ओळखणाऱ्या साधनाने करा.

आणि तुलनेपूर्वी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडून सेव्ह करू नका. पुण्याचा एसटीडी कोड ०२० हा २० होतो. पंधरापेक्षा जास्त अंकांच्या खाते क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. ३-४ असे लिहिलेला घर क्रमांक तारीख होतो. पाहायचेच असेल तर एक्सेलच्या डेटा टॅबमधून फाइल आयात करा आणि ते रकाने मजकूर म्हणून निवडा.

६. मर्ज करा, पण प्रत्येक बदलाचा निर्णय लिहून

तिन्ही प्रती समोर असल्या की बहुतेक बदल आपोआप सुटतात : एकानेच बदलले असेल तर त्याचे घ्या, दोघांनी सारखेच बदलले असेल तर तेच घ्या. उरलेल्या बदलांची पुल रिक्वेस्टमध्ये एक छोटी यादी करा : की कोणती, मूळ व्हॅल्यू काय, दोन्ही बाजूंच्या व्हॅल्यू काय, कोणती घेतली आणि कोणाला विचारून. एकाने औंधचे केंद्र काढून टाकले आणि दुसऱ्याने त्याच केंद्राचा फोन नंबर बदलला, अशा प्रकरणाचा निर्णय तुम्ही घेऊ नका. केंद्र बंद झाले आहे की नाही ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारा.

जेक्यूमध्ये दोन ऑब्जेक्टमध्ये गुणाकाराचे चिन्ह ठेवले की आतपर्यंत मर्ज होते, म्हणून अनेक जण तेच वापरतात. त्यात दोन उणिवा आहेत. ॲरे मर्ज होत नाही, दुसरा ॲरे पहिल्याची जागा घेतो. आणि या पद्धतीला मूळ प्रत ठाऊकच नसल्यामुळे एकाने काढून टाकलेली की दुसऱ्याच्या प्रतीतून परत येते. काढून टाकलेली की नोंदवण्यासाठी ऑक्टोबर २०१४ मधील जेसन मर्ज पॅच या मानकात, म्हणजे आरएफसी ७३९६ मध्ये, 'नल' म्हणजे की काढून टाका असा अर्थ ठरवलेला आहे. अर्थातच त्यातून एखाद्या कीला 'नल' ही व्हॅल्यू देता येत नाही.

एडिटरमध्ये 'दोन्ही बदल स्वीकारा' असे बटण असते. यादीच्या शेवटी दोघांनी एकेक नोंद घातली असेल तर ते दाबण्याचा मोह होतो. तसे केल्यास मधला स्वल्पविराम बहुधा राहून जातो. तो तरी फाइल वाचताना कळतो. पण दोघांनीही आपापल्या नव्या केंद्राला ११८ हाच पुढचा क्रमांक दिला असेल तर ते कोणीच सांगत नाही.

एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणारे साधन) जी आपोआप तयार करते त्या पॅकेज-लॉकसारख्या फाइली हाताने मर्ज करू नका. आधी पॅकेज डॉट जेसनमधले कॉन्फ्लिक्ट सोडवा आणि 'एनपीएम इन्स्टॉल' पुन्हा चालवा, एनपीएम ५.७ पासून लॉक फाइल त्यातूनच नीट होते.

७. तयार झालेली फाइल दोन्ही बाजूंनी ताडून पाहा

प्रथम 'गिट डिफ' ही कमांड 'चेक' या पर्यायासह चालवा. विसरलेल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा ती दाखवते. मग दुहेरी कींची स्क्रिप्ट, मग स्कीमा, मग ओळखीच्या फील्डमध्ये एकच क्रमांक दोनदा नाही ना हे पाहा.

त्यानंतर नोंदी मोजा. मूळ प्रतीत ४२ केंद्रे होती, तुम्ही १ वाढवले, सहकाऱ्याने २ वाढवली आणि १ काढले, तर मर्ज झालेल्या फाइलमध्ये ४४ असायला हवीत. हा हिशेब मर्ज करण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे आलेल्या आकड्याला नंतर कारण शोधले जाणार नाही.

शेवटची तपासणी मला सर्वांत उपयोगी वाटते. मर्ज झालेली फाइल साच्यात आणून स्वतःच्या प्रतीशी ताडा. दिसणारे फरक म्हणजे फक्त सहकाऱ्याचे बदल असायला हवेत, म्हणजेच मूळ प्रत आणि सहकाऱ्याची प्रत यांच्यातले फरक. मग तीच फाइल सहकाऱ्याच्या प्रतीशी ताडा; तिथे फक्त तुमचे बदल दिसायला हवेत. सहाव्या पायरीत लिहिलेल्या निर्णयांव्यतिरिक्त एक ओळ जरी जास्त दिसली तरी तिचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

८. टीमसाठी सोय कायमची करून ठेवा

एकच फॉरमॅटर ठरवा आणि कमिट करण्यापूर्वी तो आपोआप चालेल असे करा. कींचा क्रम ठरलेला असला की दोघांनी घातलेली एकच की फाइलमध्ये एकाच जागी येते आणि मग गिट खरोखर कॉन्फ्लिक्ट दाखवते; हडपसरच्या वेळी एवढे जरी असते तरी चूक त्याच मिनिटाला उघडी पडली असती. फाइल फार मोठी असेल तर प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल करण्याचा विचार करा.

'गिटॲट्रिब्यूट्स' या फाइलमध्ये कोणत्या प्रकारच्या फाइलसाठी कोणता मर्ज ड्रायव्हर वापरायचा ते लिहिता येते. ड्रायव्हर म्हणजे मूळ, आपली आणि समोरची अशा तीन प्रती घेऊन मर्ज करणारा प्रोग्राम. मर्जिराफसारखे तयार ड्रायव्हर जेसन, यामल आणि एक्सएमएलची रचना ओळखून मर्ज करतात, आणि सीएसव्हीसाठी डॅफही तसा जोडता येतो. त्याच फाइलमध्ये 'टेक्स्टकॉन्व्ह' जोडून 'गिट डिफ' पाहताना फाइल आपोआप साच्यात आणता येते. ते केवळ पाहण्यासाठी असते, त्यातून निघालेला पॅच (बदलांची फाइल) पुढे लावता येत नाही.

गिटॲट्रिब्यूट्स ही फाइल रिपॉझिटरीबरोबर सर्वांकडे जाते, पण तिच्यात नाव दिलेला ड्रायव्हर नेमका कोणता प्रोग्राम आहे हे प्रत्येकाच्या स्वतःच्या गिट सेटिंगमध्ये लिहावे लागते. ते लिहिलेले नसेल तर गिट कोणतीही तक्रार न करता नेहमीच्या ओळीओळींच्या पद्धतीने मर्ज करते. म्हणून ड्रायव्हर, झेडडिफ३ आणि कमिटपूर्वीचा तपास या तिन्ही सेटिंग लावणारी एक स्क्रिप्ट रिपॉझिटरीत ठेवा, आणि नवीन लॅपटॉप हातात आला की रिपॉझिटरी क्लोन केल्यावर पहिली कमांड म्हणून तीच चालवा. ड्रायव्हर लागला की नाही हे 'गिट कॉन्फिग' ही कमांड 'लिस्ट' या पर्यायासह चालवून, यादीत त्याचे नाव आले आहे का ते पाहून खात्री करून घ्या.